मूल हवे, तर दोघांनीही तपासून घ्यावे

शेतकरी पेरणी करतो. आठ दिवस वाट पाहतो. रान उगवत नाही. मग तो काय करतो? एकट्या जमिनीला बोल लावत बसतो का? नाही. तो विचार करतो. वाफसा होता का? पेरा खोल गेला का? पाऊस कमी पडला का? आणि सगळ्यांत आधी त्याच्या मनात येते, बी तरी चांगले होते ना?

शहाणा शेतकरी तर पेरणीच्या आधीच बी तपासतो. सोयाबीनचे शंभर दाणे मोजतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. काही दिवसांनी गोणपाट उघडतो आणि किती दाण्यांना मोड आले ते मोजतो. सत्तर आले तर बी पेरायला चांगले. तीसच आले तर ते बी तो पेरत नाही.

पण घरात पाळणा हलला नाही, की हाच शहाणा शेतकरी सगळे विसरतो. मग सगळा दोष बाईचा. लग्नाला दोन वर्षे झाली, की आयाबाया कुजबुजू लागतात. तिला वांझ म्हणतात. तिची ओटी भरायला हात आखडतात. बारशाला तिला पुढे येऊ देत नाहीत. तिला देवऋषाकडे नेतात, उपास करायला लावतात, कोठकोठली मुळी उगाळून पाजतात. कोणी तिला माहेरी धाडतात. कोणी मुलाचे दुसरे लग्न करायचे बोलतात. आणि या सगळ्यांत नवऱ्याला कोणी विचारीत नाही, "बाबा रे, तू तपासून घेतलेस का?"

तो प्रश्न कसा विचारायचा आणि त्याचे उत्तर कसे शोधायचे, ते आम्ही या पाठात सांगणार आहोत. विषय लाजेचा वाटेल. पण तो शरीराचा विषय आहे. डोळे, दात, पोट यांच्याविषयी आपण बोलतो, तसेच याविषयीही बोलले पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत ते चालवले. असल्या विषयांवर ते त्यात उघड लिहीत. लोकांनी त्यांना नावे ठेवली, त्यांच्यावर खटले झाले. तरी ते लिहीत राहिले. मग आपण निदान आपल्या घरात तरी का बोलू नये?

१. मूल होते कसे?

बाईला जमीन आणि पुरुषाला बी म्हणायची आपली जुनी रीत आहे. वर आम्हीही शेताचाच दाखला दिला. पण तो दाखला पुरता खरा नाही. बाई नुसती जमीन नव्हे. बी दोघांचेही असते.

बाईच्या पोटात ओटीपोटाच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात. त्यांतून साधारण महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडते. ते स्त्रीबीज. पुरुषाच्या वीर्यात अतिशय बारीक जंतूसारखे जीव असतात. ते शुक्राणू. एक शुक्राणू त्या स्त्रीबीजात शिरतो. दोघे एक होतात. त्यातून गर्भ होतो आणि तो गर्भाशयात वाढतो. म्हणजे निम्मा वाटा आईचा आणि निम्मा बापाचा.

हे आपल्या वाडवडिलांना ठाऊक नव्हते. कसे असणार? शुक्राणू नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तांदळाच्या एका दाण्याच्या लांबीत शंभरावर शुक्राणू एकापुढे एक मावतील. हॉलंड देशातल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याला भिंगे घासायचा नाद होता. १६७७ साली त्याने आपल्या भिंगाखाली वीर्यातले हे जीव पाहिले. त्यांना डोके होते आणि शेपूट होते. शेपूट हलवीत ते पोहत होते. सस्तन प्राण्यांच्या मादीचे बीज मात्र १८२७ साली एका जर्मन शास्त्रज्ञाला दिसले. त्याचे नाव फॉन बेअर.

२. पुरुषाच्या शरीरात काय चालते?

पुरुषाच्या अंडकोषाच्या पिशवीत दोन गोळ्या असतात. त्यांना वृषण म्हणतात. शुक्राणू तयार करायचे काम वृषणात चालते. तरुणपणी हे काम सुरू होते आणि म्हातारपणापर्यंत चालू राहते. रोज काही कोटी शुक्राणू तयार होतात. वय चढत जाते तसा त्यांचा कस हळूहळू कमी होतो.

वृषणाला लागून एक बारीक, वेटोळी नळी असते. ती उलगडली तर सुमारे वीस फूट लांब भरेल. नवे शुक्राणू या नळीतून सरकत सरकत जातात. जाताना ते पक्के होतात आणि पोहायला शिकतात.

एक शुक्राणू घडायला सुमारे सत्तर दिवस लागतात. नळीतून बाहेर पडायला आणखी दहा-पंधरा दिवस लागतात. सगळे मिळून तीन महिन्यांच्या आतबाहेर. बाजरी पेरल्यापासून कणीस हाती येईपर्यंत जेवढे दिवस, जवळजवळ तेवढेच. हा हिशेब नीट लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आता एक प्रश्न. शरीराचे बाकीचे मोलाचे अवयव पोटात, छातीत सांभाळून ठेवलेले असतात. मग वृषण बाहेर का लोंबतात? कारण शुक्राणूंना थंडावा लागतो. आपल्या शरीराची ऊब ३७ अंश असते. वृषणांना त्याहून दोन ते चार अंश कमी ऊब हवी. म्हणून उन्हाळ्यात पिशवी सैल पडून खाली लोंबते आणि थंडीत आकसून अंगाला चिकटते.

३. अंगात जोर आहे, तरी मूल का नाही?

पुष्कळ पुरुष म्हणतात, "मी धडधाकट आहे. पोतं उचलतो. बायकोजवळही जातो. मग माझ्यात दोष कसला?"

येथेच घोटाळा होतो. संबंध येणे ही एक गोष्ट आणि वीर्यात पुरेसे शुक्राणू असणे ही दुसरी गोष्ट. पुरुष अंगाने पहिलवान असेल, त्याचा संबंध नीट येत असेल, वीर्यही पडत असेल, तरी त्या वीर्यात शुक्राणू थोडे असू शकतात. शंभर पुरुषांत सुमारे एकाच्या वीर्यात तर एकही शुक्राणू नसतो. पण वीर्य पाहून हे कळत नाही. ते दाट दिसते की पातळ, यावरूनही कळत नाही. ते दुर्बिणीखालीच कळते.

तेव्हा शुक्राणू कमी असणे म्हणजे नामर्दपणा नव्हे. डोळ्याला चष्मा लागला म्हणून माणूस कमी दर्जाचा होत नाही. तसेच हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की जगात सुमारे सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण असते. कोठे एकट्या पुरुषाकडे, कोठे एकट्या बाईकडे, तर कोठे दोघांकडे थोडे थोडे. काही ठिकाणी तर सगळ्या तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. मग एकट्या बाईला दोष देणे हा कोठला न्याय?

४. पुरुषाच्या बाजूची कारणे

कारणे पुष्कळ आहेत. मोठी मोठी येथे सांगतो.

फुगलेल्या शिरा. पायावर शिरा फुगतात तशा काहींच्या वृषणावरच्या शिरा फुगतात. बहुधा डाव्या बाजूला. हात लावला तर गांडुळांची गुंतवळ असावी तसे लागते. शंभर पुरुषांत सुमारे पंधरांना हे असते. त्यांतल्या पुष्कळांना मुले होतात. पण काहींचे शुक्राणू त्यामुळे कमी पडतात. लहानशा शस्त्रक्रियेने यावर इलाज होतो.

गालगुंड. लहानपणी गालगुंड झाले तर सहसा वृषणाला धक्का लागत नाही. पण वयात आल्यावर झाले, तर कधी कधी वृषण सुजतात आणि त्यांचे नुकसान होते.

वृषण खाली न उतरणे. काही मुलगे जन्मतात तेव्हा एक किंवा दोन्ही वृषण पोटातच राहिलेले असतात. सहा महिन्यांपर्यंत ते खाली आले नाहीत, तर डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली बरी. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजीने एवढे पाहिले, तरी नातवाचा पुढचा संसार वाचेल.

वृषणाला पीळ पडणे. पोराच्या वृषणात एकाएकी भयंकर कळ आली आणि ते सुजले, तर लेप लावत बसू नका. तासाभराचाही उशीर न करता मोठा दवाखाना गाठा. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचते. नाही तर ते मरते.

गुप्तरोग आणि क्षय. परमा व त्यासारखे रोग अंगावर काढले, तर शुक्राणूंची वाट बुजते. क्षयरोगही त्या नळ्यांत शिरू शकतो. लघवीला जळजळ, पू जाणे, गाठ येणे, असे काही झाले तर लाजू नये. औषध नवराबायको दोघांनीही घ्यावे लागते.

मधुमेह आणि लठ्ठपणा. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की नसा खराब होतात. पोट सुटले, की शरीरातल्या रसांचा तोल बिघडतो. दोन्हींचा परिणाम शुक्राणूंवर होतो.

पिळदार शरीराची इंजेक्शने. काही तरुण व्यायामशाळेत लवकर दंड फुगावेत म्हणून इंजेक्शने घेतात. ती पुरुषी रसाची असतात. बाहेरून तो रस मिळाला, की शरीर आपले काम थांबवते आणि शुक्राणू होणे जवळजवळ बंद पडते. दंड फुगतात, पण पाळणा रिकामा राहतो. ती सोडल्यावर काम बहुधा पुन्हा सुरू होते. पण त्याला कित्येक महिने लागतात.

५. आपल्या हातात काय आहे?

काही कारणांना डॉक्टरच लागतो. पण काही गोष्टी आपल्या आपण करता येतात. त्यांना पैसा लागत नाही, निश्चय लागतो.

पहिली गोष्ट, तंबाखू सोडा. विडी, सिगारेट, गुटखा, मिशरी, मळलेला तंबाखू, सगळे त्यात आले. तंबाखूने शुक्राणू कमी होतात आणि नीट पोहत नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण बंदी कागदावर नको, आपल्या खिशात हवी.

दुसरी गोष्ट, दारू सोडा. रोज भरपूर पिणाऱ्याचे वृषण सुकत जातात. संबंधाची ताकदही जाते. बाटलीने मर्दानगी वाढते असे सांगणारा माणूस बाटली विकणारा असतो.

तिसरी गोष्ट, ऊब टाळा. गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे जाळ घालणारा, वीटभट्टीवर राबणारा, भट्टीपुढे बसणारा, दिवसभर गरम इंजिनाजवळ गाडी हाकणारा, यांनी विशेष जपावे. मधून मधून उठावे, वाऱ्याला जावे. घट्ट लंगोट किंवा नायलॉनची चड्डी दिवसभर घालू नये. सैल, सुती कपडा बरा. कढत पाण्यात तासन् तास बसू नये.

चौथी गोष्ट, फवारणी जपून करा. याविषयी एक खरी हकिकत सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डी. बी. सी. पी. नावाचे औषध तयार होई. जमिनीतले बारीक कृमी मारायला ते वापरीत. १९७७ साली तिथल्या कामगारांच्या आपसांतल्या बोलण्यात निघाले, की अलीकडे आपल्यापैकी कोणाच्या घरी मूलच झाले नाही. त्यांनी तपासण्या करून घेतल्या. कित्येकांचे शुक्राणू अगदी थोडे निघाले. काहींच्यात तर एकही नव्हता. १९७९ साली त्या देशाने त्या औषधाचा बहुतेक वापर बंद केला. काम सुटल्यावर काही कामगारांचे शुक्राणू परत आले, काहींचे आले नाहीत. लक्षात घ्या, ते कामगार एकमेकांशी बोलले म्हणून हे उघडकीस आले. लाजून गप्प बसले असते, तर प्रत्येकाच्या घरी बायकोलाच दोष मिळाला असता.

सगळीच औषधे असे करतात असे नाही. पण कीडनाशक हे विषच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली आणि कितीतरी शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून फवारताना तोंडाला मुखवटा, हातांत मोजे, अंगभर कपडे हवेत. वाऱ्याच्या उलट तोंडाने फवारू नये. मध्येच विडी ओढू नये, भाकरी खाऊ नये. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

पाचवी गोष्ट, सकस खा, अंग हलते ठेवा, पुरेसे झोपा. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, मोडाची उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, दूध, ऋतूतली फळे, आणि खात असाल तर अंडी व मासे. यांत महाग असे काही नाही. तळलेले, गोड आणि पुड्यांतले पदार्थ कमी करा.

आता तीन महिन्यांचा हिशेब आठवा. आज विडी सोडली तर उद्या फरक दिसणार नाही. आज जे शुक्राणू घडायला लागले, ते तीन महिन्यांनी बाहेर येतील. म्हणून निदान तीन महिने नेट धरावा. मोठा ताप येऊन गेला असेल, तर त्यानंतरही दोन-तीन महिने शुक्राणू कमी असतात. तेव्हा लगेच घाबरू नये.

६. दिवस कोणते?

आपल्याकडे पुष्कळ घरांत नवरा मुंबई-पुण्याला किंवा सुरतेला कामाला असतो. तो गणपतीला येतो, शिमग्याला येतो. चार दिवस राहतो आणि जातो. लग्नाला दोन वर्षे होतात आणि लोक म्हणू लागतात, "अजून काही नाही?" अहो, दोन वर्षे झाली खरी, पण दोघे एकत्र किती दिवस होती? तो हिशेब कोणी मांडायचा?

बाईचे बीज महिन्यातून एकदाच सुटते. सुटल्यावर ते एक दिवसच टिकते. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे महिन्यातले सहाएक दिवसच कामाचे. ज्या बाईची पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येते, तिचे बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटते. पाळी सुरू झाली तो दिवस पहिला धरायचा. मग दहाव्यापासून सोळाव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध आला तर मूल राहण्याचा संभव चांगला. पाळी मागेपुढे होत असेल, तर दिवस मोजत बसू नये. महिनाभर दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवला म्हणजे झाले. त्या वेळी तेल किंवा थुंकी वापरू नये. त्याने शुक्राणूंना अपाय होतो.

नवरा परगावी असेल, तर कॅलेंडरावर खुणा कराव्यात आणि रजा त्या दिवसांत घ्यावी.

७. तपासणी केव्हा आणि कशी?

एक वर्षभर दोघे एकत्र राहिली, काही साधन वापरले नाही आणि तरी दिवस गेले नाहीत, तर तपासून घ्यावे. बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर सहा महिन्यांनीच जावे. पुरुषाला लहानपणी वृषणाचे काही दुखणे झाले असेल, तर तोवरही थांबू नये.

दोघांनी मिळून जावे. बाईच्या तपासण्या पुष्कळ असतात. नळ्यांचा फोटो काढावा लागतो. काहींना भूल देऊन दुर्बिणीने पाहावे लागते. त्यात दुखते आणि पैसाही जातो. पुरुषाची पहिली तपासणी मात्र सोपी. सुई नाही, चिरफाड नाही. नुसते वीर्य तपासायचे. मग सोपे ते आधी करावे, हे शहाणपण नव्हे काय?

जाण्याच्या आधी निदान दोन दिवस आणि फार तर सात दिवस संबंध ठेवू नये, वीर्य पडू देऊ नये. प्रयोगशाळेतून स्वच्छ, रुंद तोंडाची डबी मिळते. त्यातच वीर्य आपल्या हाताने काढून घ्यायचे. साबण लावू नये. साधा निरोध वापरू नये. सुरुवातीचे थेंब सांडू देऊ नयेत, कारण त्यांतच शुक्राणू जास्त असतात. घरून नेत असाल, तर डबी अंगाच्या उबेला धरून एका तासाच्या आत पोचवावी. एक तपासणी पुरत नाही. कमी आले तर काही आठवड्यांनी पुन्हा करावी. आणि ती चांगली आली म्हणून तेवढ्यावर बाईला दोषी ठरवू नये. तो कागद पुरुषाच्या वीर्याविषयी बोलतो. बाईविषयी तो काहीच सांगत नाही.

कागद हाती आला म्हणजे त्यावर आकडे असतात. आता आपल्याला वाचता येते, तेव्हा तो कागद आपणच वाचू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या खालच्या मर्यादा अशा:

वीर्य – १.४ मिलिलिटर.
एका मिलिलिटरमधले शुक्राणू – १ कोटी ६० लाख.
सगळे मिळून शुक्राणू – ३ कोटी ९० लाख.
हालणारे शुक्राणू – शंभरात ४२.
चांगल्या घडणीचे शुक्राणू – शंभरात ४.

शेवटचा आकडा पाहून पुष्कळ जण हादरतात. शंभरात चारच चांगले? होय, तेवढे पुरतात. आणि हे आकडे म्हणजे पास-नापासाची रेघ नव्हे. वर्षाच्या आत बाप होऊ शकलेल्या हजारो पुरुषांच्या तपासणीवरून ते काढले आहेत. त्यांतल्याही शंभरात पाच जणांचे आकडे या रेघेच्या खालीच होते. म्हणून आकडा कमी आला तरी हाय खाऊ नये. कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे.

८. पुढे काय?

दोष सापडला, तर इलाज पुष्कळदा निघतो. रोग असेल तर औषध, शिरा फुगल्या असतील तर शस्त्रक्रिया, रसांचा तोल गेला असेल तर त्याचे उपचार. शुक्राणू थोडेच कमी असतील, तर ते स्वच्छ करून नळीने गर्भाशयात सोडतात. गावच्या गुरांच्या दवाखान्यात गाईम्हशींना असेच भरवतात. ते आपण पाहिलेलेच आहे. तिथे रेताचा कस आधी तपासलेला असतो. जनावरांच्या बाबतीत आपण नराकडेही पाहतो. माणसाच्या बाबतीतच विसरतो.

त्याहून कमी असतील, तर बाहेर काचेच्या बशीत स्त्रीबीज आणि शुक्राणू एकत्र आणून गर्भ तयार करतात. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशा रीतीने मुलगी जन्मली. तिथल्या डॉक्टर इंदिरा हिंदुजा यांनी ते काम केले. १९९२ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी आणखी पुढची रीत दाखवली. एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडायचा. त्यामुळे अगदी थोडे शुक्राणू असलेला पुरुषही बाप होऊ शकतो. पण या उपचारांना खर्च फार येतो आणि दर वेळी यश येतेच असे नाही. अशा दवाखान्यांसाठी २०२१ साली कायदा झाला आहे. दवाखान्याची नोंदणी झाली आहे का, ते आधी विचारा. खर्च लिहून मागा. जमीन गहाण टाकण्याआधी सरकारी रुग्णालयात दाखवा.

आणि उपचारांना यश आले नाही, तर कायद्याने दत्तक घेता येते. मूलही सुखी होते, घरही भरते. पण दुसरे लग्न हा इलाज नव्हे. हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. त्या कायद्याने पहिली बायको असताना दुसरी करणे हा गुन्हा आहे. आणि कमी शुक्राणू नवऱ्याचेच असतील, तर दुसरी बायको तरी काय करणार? एकीच्या जागी दोघींना डाग लागेल.

९. लोक विचारतात

"स्वप्नात धातू जाते. त्याने बी संपते का?"

नाही. ते तरुणपणी पुष्कळांना होते. शुक्राणू रोज नवे होतात. विहिरीला झरा आहे, ती उपशाने आटत नाही. एक थेंब वीर्याला कितीतरी थेंब रक्त लागते, हेही खरे नव्हे.

"शक्तीच्या गोळ्या, चूर्ण घ्यावे का?"

बाजारात, बसस्टँडवर, भिंतीवरच्या जाहिरातीत पुष्कळ औषधे मिळतात. डबीवर आत काय आहे ते लिहिलेले नसेल, तर हात लावू नका. काही भेसळीच्या चूर्णांत शिसे, पारा, नाही तर घातक औषधे सापडली आहेत. अश्वगंधेने काही लहान चाचण्यांत गुण दिसला. पण खात्रीने सांगावे एवढा पुरावा अजून नाही. जस्त आणि फॉलिक आम्ल यांच्या गोळ्यांची अमेरिकेत दोन हजारांवर जोडप्यांत मोठी चाचणी झाली. २०२० साली तिचा निकाल छापून आला. गोळ्या घेणाऱ्यांना न घेणाऱ्यांपेक्षा जास्त मुले झाली नाहीत. तेव्हा गोळीवर पैसे घालवण्याआधी तपासणीवर घालवा.

"मुलीच होतात. त्यात बायकोचा दोष ना?"

मुळीच नाही. मुलगा की मुलगी, हे बापाच्या शुक्राणूवर ठरते. शुक्राणू दोन तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेने मुलगी होते, दुसरीने मुलगा. कोणता आधी पोचेल, ते ना बापाच्या हाती, ना आईच्या. मुलगी ही काही उणीव नव्हे, म्हणून तिथे दोष शोधायचाच नाही.

"लाज वाटते. कोणाला सांगू?"

आधी बायकोला सांगा. ती तुमच्याआधी कितीतरी दिवस हे दुःख एकटीने सोसत असेल. मग गावच्या आशाताईंना विचारा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

मंडळी, आपण अक्षरे शिकलो ती कशासाठी? औषधाच्या बाटलीवरचे वाचावे, सातबारा वाचावा, कोणी फसवू नये म्हणून. तसेच हेही वाचावे. एका घरात तपासणीचा एक कागद आला, तर एका बाईच्या कपाळावरचा खोटा डाग पुसला जातो. हे काम नवऱ्यानेच करायचे आहे. त्याने नुसते एवढेच म्हणायचे, "चल, दोघे जाऊ. आधी मी तपासून घेतो."

विचार करा आणि सांगा

१. एक शुक्राणू घडून बाहेर यायला साधारण किती महिने लागतात?
२. वृषण शरीराच्या बाहेर का असतात?
३. फवारणी करताना कोणती काळजी घ्याल? तीन गोष्टी लिहा.
४. तपासणीच्या आधी किती दिवस थांबावे? डबी किती वेळात पोचवावी?
५. कॅलिफोर्नियातल्या कामगारांना आपले दुखणे कसे कळले?
६. तुमच्या गावात मूल नसलेल्या बाईला लोक कसे वागवतात? त्यात काय बदलता येईल? घरी बोलून चार ओळी लिहा.